समुद्रावरून आलं की कुत्र्याला उलटी-जुलाब: दर थंडीत परतणाऱ्या दुखण्याचा छडा

नोव्हेंबर सरत आला की आमच्या दापोली-हर्णै पट्ट्यात कुत्री पाळणाऱ्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. सकाळी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, फिरवून आणला, दारातच ओकला. दुपारी पाण्यासारखी शी झाली. दुसऱ्या दिवशी बरा, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. निदान बहुतेकांकडे तयार असतं: थंडी बाधली. मग गरम दूध, अंगावर गोणपाट आणि दोन दिवस घरात बांधून ठेवणं. त्या दोन दिवसांत कुत्रा खरंच सुधारतो, पण तो सुधारतो समुद्रावर न गेल्यामुळे. गोणपाटाचा त्यात काही हात नसतो, आणि दुधाने तर बरेचदा पोट आणखी बिघडतं, कारण पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही.

हे दुखणं थंडीचं नाही. बहुतेक वेळा ते पोटात गेलेल्या मिठाचं आणि वाळूचं असतं, आणि ते थांबवण्याचे उपाय घरातून निघण्याआधीच करायचे असतात.

थंडीचा संबंध किती

निरोगी मोठ्या कुत्र्याच्या शरीराचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त, आणि वर केसांचं पांघरूण. दापोलीच्या माथ्यावर जानेवारीत पारा चांगलाच उतरतो, पण समुद्र जमिनीइतका पटकन गार होत नाही. त्यामुळे त्याच पहाटे खाली मुरुड, कर्दे, लाडघरच्या किनाऱ्यावर हवा बरीच सौम्य असते. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो ओल्या अंगाला बोचतो एवढं खरं. लहान पिल्लं, म्हातारी कुत्री आणि सांधे धरलेली कुत्री यांना जपायलाच हवं. मात्र सांधे आखडणं वेगळं आणि पोट बिघडणं वेगळं.

मग तक्रारी थंडीतच का वाढतात? पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रावर कुणी कुत्रा नेत नाही, उन्हाळ्यात सकाळी लवकरच वाळू तापायला लागते. लांबवर आणि मोकळं सोडून फिरवणं होतं ते याच महिन्यांत. शिवाय किनाऱ्यावर तोंड घालण्यासारखं सगळं याच काळात पडलेलं असतं. यांत्रिक होड्यांची बंदी 1 जून ते 31 जुलै. ती उठली की जाळी पाण्यात जातात आणि थंडीत मासेमारी भरात असते. सुकी मासळी वाळत पडते, आणि डिसेंबरच्या सुट्टीत पर्यटकांचं उष्टंखरकटं वाळूत मिसळतं.

आणखी एक कारण घरातलंच आहे. थंडीत रात्रभर पडवीत ठेवलेलं वाडग्यातलं पाणी इतकं गार होतं की बरीच कुत्री ते धड पीत नाहीत. सकाळी तशीच निघतात, अर्धा तास धावतात, धापा टाकायला लागतात, आणि समोर पाणीच पाणी असतं.

मीठ

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. हे पाणी आतड्यात गेलं की ते शरीरातलं गोडं पाणी आतड्याकडे ओढून घेतं. म्हणून समुद्राच्या पाण्याची शी खळखळून, पाण्यासारखी होते आणि पोटात मुरडा नसतानाही होते. त्यासाठी चार मोठे घोट पुरे होतात.

प्रमाण वाढलं तर प्रकरण साध्या जुलाबावर थांबत नाही. वजनाच्या दर किलोमागे 2 ते 3 ग्रॅम मीठ पोटात गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, आणि 4 ग्रॅमच्या आसपास जिवाला धोका असतो. दहा किलोच्या कुत्र्याचा हिशेब केला तर 600 ते 850 मिलिलिटर समुद्राचं पाणी. मुद्दाम कुणी इतकं पिणार नाही असं वाटतं, पण लाटेत फेकलेला चेंडू तोंडात धरून पोहत येणारा कुत्रा दर खेपेला थोडं थोडं गिळतच असतो. तासभर हा खेळ चालला तर तेवढं पाणी सहज पोटात जातं.

दोन जागा लोकांच्या लक्षात येत नाहीत. ओहोटीला वाळूत राहिलेली डबकी खारीच असतात, पण संथ असल्यामुळे कुत्र्याला लाटेपेक्षा तिथं पिणं सोपं जातं. दुसरी जागा म्हणजे गावातून येऊन पुळणीवर उतरणारा पऱ्या, म्हणजे ओहोळ. त्याचं पाणी गोडं म्हणून आपण बिनधास्त राहतो. पण पावसाळा संपला की धार आटते, पाणी तुंबतं आणि त्यात घरांचं सांडपाणी असतं. तिथं पिऊन झालेले जुलाब मिठाचे नसतात, जंतुसंसर्गाचे असतात. ते एका दिवसात थांबत नाहीत आणि अंगात तापही असू शकतो.

वाळू

वाळू कशी जाते हे एकदा वाकून बघण्यासारखं आहे. टेनिसचा चेंडू ओला झाला की त्याच्या लवेत वाळू घट्ट बसते. वाळूत घोळवलेल्या लाडवासारखा तो दिसायला लागतो. कुत्रा तो चावतो, लाळ सुटते, वाळू सुटते आणि दोन्ही घशाखाली जातं. कोरड्या भुसभुशीत वाळूत पडलेला चेंडू उचलताना तर तोंडभर वाळू आत जाते. खेकड्याचं बीळ उकरणारा कुत्राही नाक आणि तोंड वाळूतच खुपसतो.

घरी आल्यावर दुसरी फेरी सुरू होते. बोटांच्या मधे, पोटाखाली, शेपटीच्या केसांत अडकलेली खारी वाळू तो चाटून काढतो. थंडीत अंग लवकर वाळत नाही, मीठ आणि ओल यांनी कातडी खाजते, म्हणून तो आणखी चाटतो. पंजे लाल होणं आणि पोट बिघडणं अशा दोन तक्रारी घेऊन जी माणसं येतात, त्यांच्याकडे पुष्कळदा मूळ कारण एकच असतं.

वाळूचा संशय असेल तर घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. हातमोजा घालून शीचा थोडा भाग जुन्या काचेच्या बरणीत घ्या, भरपूर पाणी ओता, काडीने ढवळा आणि पाच मिनिटं ठेवा. बाकी सगळं गढूळ राहतं, वाळू तळाला बसते. बरणी तिरकी केली की ती एका बाजूला घसरते आणि उन्हात चमकते. चिमूटभर असेल तर काळजी नाही. तळ झाकण्याइतकी दिसली तर चेंडू त्याच दिवसापासून बंद करा.

वेळ बघा, कारण सापडेल

काय झालं याच्याइतकंच कधी झालं हे महत्त्वाचं आहे. फिरून आल्यावर अर्ध्या तासात पातळ, फेसाळ, वाळू मिसळलेली उलटी झाली आणि कुत्रा बाकी तरतरीत असेल, तर समुद्राचं पाणी. दोन ते सहा तासांत पाण्यासारखी शी, तरीही तेच. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दुर्गंधीयुक्त, शेंबडासारखी चिकट शी आणि उलटीत खवले-काटे, तर कुजलेली मासळी. एक ते तीन दिवसांनी खाल्लेलं सगळं उलटून पडणं, शी न होणं, पोटाला हात लावू न देणं, तर आतडं अडलेलं असण्याची शक्यता. आणि काही आठवड्यांनी काळपट शी, फिक्या हिरड्या, उतरत चाललेलं वजन दिसलं तर अंकुशकृमी, कारण भटक्या कुत्र्यांच्या विष्ठेतून त्यांच्या अळ्या वाळूत येतात. किनाऱ्यावर नेहमी जाणाऱ्या कुत्र्याला जंताचं औषध साधारण दर तीन महिन्यांनी, डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेल्या मात्रेत, द्यावंच.

तरी उलगडा होत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिला आठवडा त्याच वेळी, तितकंच, पण समुद्राऐवजी वाडीच्या रस्त्याने फिरवा. थंडी तीच आहे. पोट ठीक राहिलं तर थंडीचा प्रश्न निकाली निघतो. दुसऱ्या आठवड्यात समुद्रावर न्या, पण पट्टा सोडू नका आणि चेंडू नेऊ नका. तिसऱ्या आठवड्यात चेंडू न्या, पण पाण्यात फेकू नका. पोट जिथे पुन्हा बिघडेल तिथे तुमचं उत्तर आहे. आमच्या कुत्रीच्या, राणीच्या बाबतीत ते चेंडूपाशी सापडलं. आता चेंडू अंगणात आणि समुद्र फक्त चालण्यासाठी, एवढ्यावर ती ठणठणीत आहे.

निघण्याआधी आणि आल्यावर

सगळ्यात जास्त फरक पडतो तो अळणी पेजेने. तांदळाची पातळ, बिनमिठाची, कोमट पेज निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी थोडी द्यायची. पाणी म्हणून ठेवलेलं वाडगं न हुंगणारा कुत्रा पेज चाटूनपुसून घेतो, त्याला तहान राहत नाही आणि पोट रिकामंही राहत नाही. मात्र थोडीच. पोटभर खाऊन लगेच धावल्यावर मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन यांच्या घरच्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. पूर्ण जेवण फिरून आल्यावर, श्वास शांत झाल्यावर.

बरोबर बाटलीभर गोडं पाणी आणि एक पसरट डबा न्या. दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून पाजा. तो मागेपर्यंत थांबू नका. खेळणं हवंच असेल तर गुळगुळीत रबराची कडी घ्या आणि मधून मधून बाटलीच्या पाण्याने विसळा. वाळूत पडलेली काठी फेकू नका, ती घशात घुसल्याच्या जखमा वाईट असतात.

“सोड” हा शब्द घरातच शिकवावा. तोंडातली वस्तू सोडली की बदल्यात उकडलेल्या चिकनचा तुकडा, असा रोजचा व्यवहार ठेवला की किनाऱ्यावर त्याच्या तोंडातून मासा काढायला झटापट करावी लागत नाही. ओढाओढी केली तर तो गिळून मोकळा होतो.

घरी आल्यावर चारही पंजे बोटं फाकवून गोड्या, कोमट पाण्याने धुवा, पोटाखालून पाणी मारा आणि जुन्या पंचाने कोरडं करा. रोज साबण नको. पंजांना खोबरेल लावायची आपल्याकडे पद्धत आहे. ते बोटाने पुसटसं लावा. थापून लावलेलं तेल चाटून तेवढ्यानेही पोट सैल होतं.

भरतीचा हिशेब आणि भरतीरेषेवरचं खाणं

कालनिर्णयात वेळा मिळतातच, पण आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेबही उपयोगाचा आहे: तिथीच्या पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे, दिवसा आणि रात्रीही. थोडा इकडेतिकडे फरक पडतो. सकाळी फिरायला जाणाऱ्याला याचा अर्थ असा की अष्टमी-नवमीला पहाटे पाणी वर असतं, पुळण अरुंद होते आणि कुत्रा आपोआप लाटेत जातो. त्या दिवशी मिठाचा धोका जास्त. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे ओहोटी असते आणि रुंद, टणक, चालायला सुरेख किनारा मिळतो. पण रात्रीच्या उधाणाने आणून टाकलेला सगळा माल सुरूच्या झाडांजवळ वर एका रेषेत पडलेला असतो. त्या दिवशी खाण्याचा धोका जास्त. म्हणून ओहोटीला पाण्याजवळच्या ओल्या वाळूवरून चाला आणि भरतीरेषेपासून लांब राहा.

त्या रेषेवर आणि जाळी झाडली जातात त्या जागी काय काय असतं? सगळ्यात घातक केंड मासा. फुगलेला, काटेरी किंवा खरखरीत अंगाचा, सशासारखे पुढे आलेले दात. जाळी कुरतडतो आणि विकला जात नाही म्हणून तो वाळूतच टाकून दिला जातो. त्याच्या यकृतात, अंडाशयात आणि कातडीत जे विष असतं ते शिजवून किंवा वाळवून जात नाही, आणि त्यावर उतारा नाही. ओठ चाटणं, लाळ गळणं, पाय लटपटणं आणि मग श्वासाचे स्नायू ढिले पडणं हे काही मिनिटांपासून काही तासांत होऊ शकतं. लवकर पोहोचवलं आणि श्वास टिकवून धरता आला तर कुत्रा वाचतो. म्हणून केंड चघळताना दिसला तर लक्षणांची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.

शिंगाळ्याच्या कल्ल्यांमागचे आणि पाठीवरचे काटे करवतीसारखे दातेरी असतात; पंजात घुसलेला असा काटा घरी उपटू नये. गळ आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, यांचंही तसंच. तोंडातून तंगूस लोंबताना दिसली तर ओढू नका आणि तोंडाशी कापूही नका, कारण डॉक्टरांना गळापर्यंत पोचायला तोच माग असतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात त्या ठिकाणी कधी समुद्रसाप फेकलेला असतो, चपट्या वल्ह्यासारख्या शेपटीवरून ओळखता येतो. तो मेलेला वाटला तरी कुत्र्याला हुंगू देऊ नका. आपल्याकडे सर्पदंशावर दिली जाणारी नेहमीची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावरची आहे, समुद्रसापाच्या नाही.

सुट्टीनंतरच्या सकाळी मला सगळ्यात भीती वाटते ती मक्याच्या कणसाची. भाजलेल्या कणसाचा बुरखुंडा मीठ-लिंबू-तिखटाने माखलेला असतो, कुत्रा त्याचे दोन तुकडे करतो आणि गिळतो. तो पचत नाही. आतड्यात जाऊन बसला की बहुधा शस्त्रक्रियाच लागते. कोंबडीची हाडं आणि फुटक्या बाटल्याही असतातच. 25 डिसेंबर ते 2 जानेवारी आम्ही राणीला समुद्रावर नेतच नाही.

आणि पट्ट्याचं एक कारण पोटाशी संबंधित नसलेलंही आहे. आंजर्ले, केळशी, वेळासच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं याच थंडीत रात्री अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात. मोकळा कुत्रा घरटं वासावरून शोधतो आणि काही मिनिटांत उकरतो. गावातली माणसं पहाटे उठून ती घरटी राखतात, अंडी सुरक्षित जागी हलवतात. त्यांच्या मेहनतीवर आपल्या लाडक्याने पाणी ओतू नये. कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे प्रश्न फक्त शिष्टाचाराचाही नाही.

बिघडलंच तर

कुत्रा तरतरीत आहे, एक-दोनदा ओकला, शी पातळ आहे: गोडं पाणी थोडं थोडं, पंधरा-वीस मिनिटांनी द्या. एकदम बादली पुढे ठेवू नका, तो ढसाढसा पितो आणि सगळं उलटून टाकतो. उलटी थांबल्यावर काही तासांनी अळणी मऊ भात आणि बिनहाडाचं उकडलेलं चिकन, मसाला-मीठ-तेल काही न घालता, थोडं थोडं. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी रुळावर येते.

उलटी करवण्यासाठी मिठाचं पाणी पाजायचं नाही. समुद्राचं मीठ आधीच पोटात असलेल्या जनावराला ते जीवघेणं ठरू शकतं. आपल्या घरातली जुलाब थांबवणारी गोळी, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांतलं काही देऊ नका.

हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. वेळ लागत असेल, हिरड्या कोरड्या, चिकट किंवा फिक्या असतील तर सलाईनची गरज आहे. झोकांड्या, थरथर, झटके, भ्रमिष्टासारखं वागणं ही मीठ मेंदूपर्यंत पोचल्याची लक्षणं. अशा वेळी घरी पाणी पाजून दुरुस्ती करायला जाऊ नका, कारण रक्तातलं मीठ घाईने उतरवलं तर मेंदूला सूज येते. ते काम दवाखान्यात मोजून-मापून करतात. ओकण्याचा प्रयत्न चालू आहे पण काहीच पडत नाही आणि पोट ढोलासारखं ताणलंय, तर तो पीळ असू शकतो. तिथे मिनिटं मोजकी असतात. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला रक्ताळलेली, उग्र वासाची शी झाली तर पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा, विचार आधी करायचा, समुद्राचा नंतर.

डॉक्टरांकडे जाताना कुत्र्याचं वजन, समुद्रावर किती वेळ होता, पाण्यात गेला होता का, पहिली उलटी किती वाजता झाली हे कागदावर लिहून न्या. उलटीचा आणि शीचा फोटो काढून ठेवा, खाल्लेल्या माशाचा उरलेला तुकडा पिशवीत बांधून न्या. दापोलीहून एक्स-रे काढायला चिपळूण-रत्नागिरीपर्यंत जावं लागलं तर निघण्याआधी फोन करून यंत्र चालू असल्याची खात्री करा. वाळू एक्स-रेमध्ये पांढरी, ठळक दिसते. मक्याचं कणीस मात्र तसं दिसत नाही, म्हणून कणसाचा नुसता संशय असला तरी तो डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे ते सोनोग्राफी करून बघतील.